पेटीची पट्टी नेमकी कधी दाबली गेली: आयटूसीवरच्या इंटरप्टची प्रगती

साडेतीन सप्तकांच्या पेटीच्या सगळ्या ४२ पट्ट्या आता रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकाला दिसू लागल्या आहेत. पट्टी दाबली की लिनक्सच्या इनपुट व्यवस्थेत तिची नोंद होते. या नोंदीवरची वेळ पट्टी हलली त्या क्षणाची असते, आयटूसी बस (दोन तारांवरून चिपशी बोलायची वाहिनी) वाचून झाल्यानंतरची नाही. या टप्प्यातलं खरं काम एवढंच होतं, आणि ते सविस्तर लिहून ठेवावं असं आहे.

आधी जोडणी. प्रत्येक पट्टीच्या मागच्या टोकाला छोटं चुंबक आणि त्याच्यासमोर ए३१४४ हा हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आल्याचं ओळखणारा. स्विच न वापरता हा घेतला, कारण त्याच्या आतच श्मिट ट्रिगर आहे, म्हणजे चालू आणि बंद व्हायच्या पातळ्या वेगळ्या. धातूचे संपर्क थरथरतात आणि एका दाबाचे दहा दाब दिसतात, तो प्रकार इथे होत नाही. सेन्सरला ५ व्होल्ट लागतात, पण आउटपुट ओपन कलेक्टर (लाइन फक्त खाली ओढणारं) असल्यामुळे ते ३.३ व्होल्टला ओढून ठेवता येतं. हे सिग्नल वाचणाऱ्या चिपमधला पुलअप (लाइन वर ओढून ठेवणारा रोध) १०० किलोओहमचा, म्हणजे फारच दुबळा. लांब वायरींसाठी बाहेरून १० किलोओहम लावले.

हे ४२ सिग्नल तीन एमसीपी२३०१७ चिपवर जातात; ही आयटूसीवरून जादा पिना देणारी चिप. चिपला आठ-आठच्या दोन पोर्टांत सिग्नलच्या १६ पिना असल्या तरी मायक्रोचिपच्या नव्या डेटाशीटप्रमाणे दोन्ही पोर्टांची सातवी पिन फक्त आउटपुट म्हणून वापरायची. उरल्या १४, आणि १४ त्रिक ४२. हिशोब इतका चपखल बसला की तेव्हाच ही चिप पक्की केली.

आता मुद्दा. पट्टी हलली की चिप आपली इंटरप्टची, म्हणजे प्रोसेसरला ‘इकडे बघ’ सांगणारी पिन खाली ओढते. पण कोणती पट्टी हलली हे पिन सांगत नाही. ते आयटूसीवरून चिपला विचारावं लागतं, आणि गुंता इथे सुरू होतो. आयटूसीचा व्यवहार चालू असताना विचारणारा कर्नलमधला (लिनक्सच्या गाभ्यातला) कोड झोपून राहतो, आणि तो पूर्ण झाल्याचं बसच्या कंट्रोलरच्या स्वतःच्या इंटरप्टने कळतं. म्हणजे एका इंटरप्टचं कारण शोधायला दुसऱ्या इंटरप्टची वाट पाहायची. इंटरप्ट येताच तडक चालणाऱ्या हार्ड इंटरप्ट हँडलरला तर झोपायची मुभाच नाही. तिथून बस वाचायला गेलात तर ‘शेड्यूलिंग व्हाइल अॅटॉमिक’ हा संदेश ठरलेला.

यावरचा उपाय थॉमस ग्लाइक्सनर यांनी आणलेला थ्रेडेड इंटरप्ट. २००९ च्या २.६.३० कर्नलपासून तो आपल्या हाताशी आहे. ‘रिक्वेस्ट_थ्रेडेड_आयआरक्यू’ला दोन फंक्शनं द्यायची. पहिलं हार्ड संदर्भात चालतं, दुसरं स्वतःच्या थ्रेडमध्ये, जिथे हवं तेवढं झोपता येतं. पहिल्याच्या जागी बहुतेक जण नल, म्हणजे काहीच नाही, असं देतात. मग ‘वनशॉट’ झेंडा (थ्रेड संपेपर्यंत लाइन मास्क, म्हणजे बंद ठेवणारा) सक्तीचा होतो, नाहीतर कर्नल नोंदणीच नाकारतं. ते योग्यच आहे: लेव्हल इंटरप्टमध्ये (लाइन खाली असेपर्यंत लागू राहणाऱ्या) थ्रेड चिप वाचेपर्यंत लाइन खालीच राहणार, आणि ती मास्क केली नाही तर हँडलर अखंड वाजत राहून थ्रेडला पाळीच मिळणार नाही.

ड्रायव्हर स्वतः लिहायची गरज काय, हा प्रश्न रास्त आहे. कर्नलमध्ये या चिपसाठी ‘पिनकंट्रोल-एमसीपी२३एस०८’ तयार आहे. त्याच्यावर पिनांना कळा मानणारं ‘जीपीआयओ-कीज’ बसवलं की डिव्हाइस ट्रीमध्ये (हार्डवेअरच्या वर्णनाच्या फाइलीत) ४२ नोंदी करून काम होतं, सी भाषेची एक ओळही लिहावी लागत नाही. तो ड्रायव्हर वाचायला मात्र जरूर घ्या. तिथे चिपच्या प्रत्येक पिनेला स्वतंत्र इंटरप्ट क्रमांक मिळतो, पण मास्क आणि अनमास्क ही फंक्शनं स्पिनलॉक (ज्यात झोपता येत नाही असं कुलूप) धरलेला असताना बोलावली जातात, त्यामुळे तिथूनही बसला हात लावता येत नाही. म्हणून मास्क करताना बदल फक्त मेमरीतल्या प्रतीत करतात. आधी ‘आयआरक्यू_बस_लॉक’ म्यूटेक्स (ज्यात झोपता येतं असं कुलूप) धरतो आणि शेवटी ‘आयआरक्यू_बस_सिंक_अनलॉक’ साठलेला बदल एकदम चिपवर लिहितो. संथ बसवरच्या इंटरप्ट कंट्रोलरसाठी ही रचना मला फार देखणी वाटते. कर्नलच्या रेगमॅप (रजिस्टरं वाचण्या-लिहिण्याची सोय) मधल्या तयार इंटरप्ट चिपमध्येही हेच तत्त्व आहे.

माझी अडचण पुढची होती. असे पोटइंटरप्ट ‘हँडल_नेस्टेड_आयआरक्यू’मधून, म्हणजे पालकाच्या थ्रेडमध्येच चालतात. त्यांचं हार्ड हँडलर कधी धावतच नाही. त्यामुळे वेळ नोंदवली जाते ती बस वाचून झाल्यावर, आणि बस मोकळी मिळायला किती वेळ लागला ते त्या वेळेत मिसळून जातं. १२० च्या लयीत मात्रेला चार सूर घेतले तर एका सुराला १२५ मिलिसेकंद मिळतात. त्यातला कणस्वर त्याहून कितीतरी आखूड असतो. मला कणाची लांबी मोजायची आहे, तेव्हा मोजमापात बसची गर्दी मिसळलेली चालणार नाही.

म्हणून स्वतःचा ड्रायव्हर लिहिला, आणि त्यात कामाची वाटणी अशी आहे. हार्ड हँडलर फक्त ‘केटाइम_गेट’ने वेळ टिपतो आणि थ्रेडला जागं करतो. थ्रेड चिप वाचतो आणि ‘इनपुट_सेट_टाइमस्टॅम्प’ने ती टिपलेली वेळ नोंदीवर चढवतो. हे फंक्शन ५.४ कर्नलपासून आहे. ‘कधी’चं उत्तर हार्ड हँडलरमध्ये, ‘कोण’चं उत्तर थ्रेडमध्ये. सेन्सरांच्या आयआयओ व्यवस्थेतही याच कल्पनेचा तयार हँडलर आहे. आणखी एक चांगली गोष्ट म्हणजे वेळेला काटेकोर अशा पीआरईएम्प्ट-आरटी कर्नलवर बाकीचे हँडलर सक्तीने थ्रेडमध्ये ढकलले जातात, पण वनशॉट झेंडा असलेल्याचं पहिलं फंक्शन हार्ड संदर्भातच राहतं. म्हणजे वेळ टिपण्याला धक्का नाही.

वाचनाचा क्रम ठरवण्यात बराच विचार गेला. इंटएफ (कोणत्या पिनेने इंटरप्ट उठवला), इंटकॅप (त्या क्षणीची पिनांची स्थिती) आणि जीपीआयओ (आत्ताची स्थिती) ही रजिस्टरं दोन्ही पोर्टांसाठी हेक्स ०ई ते १३ अशी सलग आहेत. तीन वेगळी वाचनं केली तर प्रत्येकी साधारण ४७ बिट, म्हणजे १०० किलोहर्ट्झवर एकूण १.४ मिलिसेकंद. सहाही बाइट एकाच व्यवहारात घेतले तर सुमारे ८३ बिट. बस ४०० किलोहर्ट्झवर नेली की हे सगळं ०.२ मिलिसेकंदांत आटोपतं.

पण यात एक बारीक जागा आहे. इंटकॅप वाचलं की इंटरप्ट मिटतो, आणि जीपीआयओ वाचलं तरी मिटतो. या दोन वाचनांच्या मधल्या फटीत दुसरी पट्टी हलली तर नवा इंटरप्ट उठून लगेच आपल्याच वाचनाने मिटेल, आणि इंटएफमध्ये तिचा मागमूस नसेल. तेव्हा फक्त इंटएफवर विसंबायचं नाही. ज्या बिटांवर इंटएफचा झेंडा आहे ते इंटकॅपमधून घेऊन हार्ड हँडलरच्या वेळेने नोंदवायचे आणि सिंक करायचं, म्हणजे ती नोंद पुरी करायची. मग जीपीआयओची मागच्या स्थितीशी एक्सऑर (बदललेले बिट दाखवणारी क्रिया) करून उरलेला फरक चालू वेळेने नोंदवायचा. अशा दुसऱ्या पट्टीची वेळ थोडी ढिली असते, पण सूर हरवत नाही. झेंडा नसलेल्या पोर्टाच्या इंटकॅपमध्ये जुनीच किंमत पडून असते, तिकडे बघायचंच नाही.

तिन्ही चिपच्या इंटरप्ट पिना ओपन ड्रेन करून एकाच लाइनवर बांधता येतात. तसं करून पाहिलं, चालतं. मात्र एक चिप बोलली तरी तिन्ही थ्रेड जागे होतात, आणि तिन्ही संपेपर्यंत लाइन मास्क राहते. पायवर पिनांचा तुटवडा नाही, म्हणून आता पायच्या जीपीआयओ पिना १७, २७ आणि २२ अशा तीन वेगळ्या लाइनी आहेत. प्रत्येक चिपमध्ये मिरर बिट चालू आहे, त्यामुळे दोन्ही पोर्टांना एकच पिन पुरते. ट्रिगर लेव्हल-लो ठेवलाय. एजवर (पातळी बदलायच्या क्षणावर) ठेवला आणि एखादी कडा निसटली, तर लाइन खाली अडकून पेटी मुकी होईल.

इंटरप्ट थ्रेड मुळातच फिफो या रिअल-टाइम धोरणावर (साध्या कामांच्या आधी पाळी देणाऱ्या) ५० प्राधान्याने चालतात. मेमरी कार्डवर नोंदी लिहिण्याचं काम सुरू असतानाही माझ्या कामापुरतं तेवढं पुरलं, बदललं नाही.

पुढचा टप्पा भात्याचा आहे. आत बीएमपी२८० हा हवेच्या दाबाचा सेन्सर बसवून दाब मोजायचा. या सेन्सरला इंटरप्ट पिनच नाही, ठराविक अंतराने त्याला विचारत राहावं लागेल. पट्ट्यांच्या बसवर तो ठेवला तर त्याच्या प्रत्येक वाचनाला अॅडॉप्टरचं (बसच्या कंट्रोलरचं) कुलूप लागेल आणि पट्ट्यांचा थ्रेड बाहेर ताटकळेल. म्हणून तो पाय ४ च्या आयटूसी-३ या बसवर, जीपीआयओ पिना ४ आणि ५ वर जाणार. सेन्सर आणून ठेवलाय. भात्याच्या आतून वायर हवाबंद कशी बाहेर काढायची, हे आधी सोडवायचं आहे. कोणी केलं असेल तर पद्धत जरूर लिहा.