गाता गाता ती हसते, तो सीन

काल रात्री परत 'द ऑफुल ट्रुथ' बघितला आणि परत त्याच सीनला डोळ्यात पाणी आलं, म्हणून लिहितेय.

१९३७ चा सिनेमा. दिग्दर्शक लिओ मॅकेरी, केरी ग्रँट (जेरी) आणि आयरीन डन (ल्युसी) नवरा-बायको. घटस्फोट मंजूर झालाय पण पक्का व्हायला ९० दिवस आहेत, आणि तेवढ्यात दोघंही एकमेकांची जमत आलेली लग्नं मोडतात, बस एवढीच गोष्ट. जेरी फ्लोरिडाला जातो सांगून गेलेलाच नसतो, मग क्लबात दिव्याखाली बसून रापून घेतो, घरी संत्र्यांची टोपली आणतो आणि ल्युसी बघते तर संत्र्यावर शिक्का कॅलिफोर्नियाचा! ती पण रात्रभर बाहेर असते, गाण्याच्या मास्तरांबरोबर, म्हणे गाडी बंद पडली. कोण खरं बोलतंय हे सिनेमा शेवटपर्यंत धड सांगत नाही आणि ते मला फार आवडतं.

मग ल्युसीला ओक्लाहोमाचा डॅन भेटतो. राल्फ बेलामीने काय सुंदर केलाय तो! साधा, प्रेमळ, आईच्या शब्दाबाहेर नसलेला. तो तिला स्वतःची कविता वाचून दाखवतो आणि दाराआड लपलेला जेरी तिला पेन्सिलने गुदगुल्या करतो, ती हसत सुटते आणि डॅनला कळतच नाही का हसतेय. डॅनमध्ये वाईट काहीच नाही हो, फक्त त्याच्याबरोबर तिला असं हसू येणार नाही कधी.

आणि तो सीन. जेरीला वाटतं ही मास्तरांकडे एकटी आहे, तो नोकराशी झटापट करून आत घुसतो तर समोर भरलेली मैफल, ल्युसी गातेय. बिचारा मागच्या खुर्चीत बसतो, खुर्ची मागे कलते आणि धाडकन खाली. ल्युसी थांबत नाही, पण शेवटच्या सुरांत तिचं हसू मिसळतं, सुरातच. त्या एका क्षणात कळतं की हिचं प्रेम गेलेलंच नाहीये. आयरीन डन खरोखर गाणं शिकलेली होती म्हणूनच हे जमलं असं मला वाटतं, नाहीतर ते हसू वेगळं आणि गाणं वेगळं राहिलं असतं.

यातलं कितीतरी मॅकेरीने सेटवर ऐनवेळी सुचवून करून घेतलंय, ग्रँट तर इतका घाबरला होता की मला सोडा म्हणून मागे लागला होता. मॅकेरीला दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं. आयरीन डनला पण नामांकन होतं, आयुष्यात एकूण पाच वेळा, आणि एकदाही मिळालं नाही. त्या हसण्यासाठी तरी द्यायला हवं होतं.