युनिट नसतं!

आमच्या शाळेच्या बॅचमधल्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, रिलेटिव्ह डेन्सिटीला युनिट असतं का, तर तो नाही म्हणेल आणि परत झोपेल. इतकं ते सायन्सच्या सरांनी घोटून घेतलेलं. डेन्सिटीला पाण्याच्या डेन्सिटीने भागलं की युनिट कटतं, उरतो नुसता आकडा. लोखंड 7.8, पारा 13.6, खोबरेल 0.92, बास.

पुस्तक इंग्लिशमधलं, पण सर समजवायचे मराठीत आणि भडकले की कोकणीत. खिळा बुडतो मग लोखंडाचं जहाज का बुडत नाही, हा पुस्तकातला प्रश्न त्यांनी डायरेक्ट आमच्या गोव्याच्या मांडवी नदीत आणला, कारण वर्गातल्या बऱ्याच जणांचे बाबा नाहीतर काका बार्जीवर, म्हणजे खनिज वाहणाऱ्या सपाट बोटीवर, किंवा मायनिंगच्या ट्रकवर. भरलेली बार्ज मुरगाव बंदराकडे जाताना काठापर्यंत पाण्यात आणि रिकामी आमोण्याकडे परत येताना केवढी उंच, हे आम्ही रोज बघायचो पण का ते विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सर म्हणाले, नुसत्या लोखंडाचं बघू नका रे, पत्रा, आतला माल, आतली हवा सगळ्याचं मिळून वजन घ्या आणि बार्जीच्या अख्ख्या आकारमानाने भागा, ते पाण्यापेक्षा कमी भरतंय तोवर ती तरंगणार. आणि तरंगताना स्वतःच्या वजनाइतकंच पाणी बाजूला सारणार, ना कमी ना जास्त.

हे शेवटचं वाक्य तेव्हा मार्कांसाठी पाठ केलं, पुढे त्याच्यावरच पोट भरलं. मी लागलो ड्राफ्ट सर्व्हेच्या कामाला. जहाजात ओर म्हणजे खनिज किती भरलं ते काट्यावर कोण तोलणार, म्हणून लोडिंगच्या आधी आणि नंतर जहाज किती बुडालंय ते बघतात. पुढे, मध्ये, मागे, दोन्ही बाजूंनी मिळून सहा ठिकाणी मार्क वाचायचे. एकेक आकडा 10 सेंटीमीटर उंच आणि लाट त्याच्यावर सारखी चढते-उतरते, मग होडीत बसून वरची पातळी, खालची पातळी बघत मधला आकडा धरायचा, होडी हलते ती वेगळीच. मग बादली सोडून पाणी वर काढायचं आणि त्यात हायड्रोमीटर सोडायचा, म्हणजे पाण्याची डेन्सिटी दाखवणारी तरंगती काचेची नळी. किती बुडालं की किती वजन हे सांगणारी जहाजाची टेबलं समुद्राचं पाणी 1.025 धरून केलेली असतात, पण पावसाळ्यात झुआरीच्या तोंडाशी नदीचं गोडं पाणी मिसळतं आणि आकडा खाली येतो. समजा 1.015 आला, तर टेबलात 60,000 टन दिसणारं वजन खरं 59,400 च्या आसपास! जवळजवळ 600 टन इकडचे तिकडे, एका बादलीवरून. तिसऱ्या दशांशासाठी सर मार्क कापायचे तेव्हा आम्ही त्यांना काय काय म्हणायचो ते इथे छापता येणार नाही.

हायड्रोमीटर शिकवताना सर फेणीवर घसरलेले. भट्टीवर ग्राव, म्हणजे फेणीचा कडकपणा, बघायला काचेची नळी सोडतात ती पण हायड्रोमीटरच, अल्कोहोलची डेन्सिटी 0.79, म्हणून फेणी जितकी कडक तितकी नळी खोल जाते. मागच्या बाकावरून "सर, प्रॅक्टिकल कधी?" असं आलं आणि सरांनाच हसू आवरेना.

2012 ला मायनिंग बंद पडलं, ते काम गेलं, नंतर मी दुसऱ्या पोर्टवर गेलो, ते असो.

शाळेच्या ज्युबिलीनिमित्त लॅबसाठी देणगी मागितलीय, तर मी पैशांऐवजी चार हायड्रोमीटर पाठवतोय. काच आहे, एखादा फुटणारच, पण कपाटात कुलूप लावून ठेवू नका, पोरांच्या हातात द्या.