तुम्ही विचारलंत म्हणून: जपानी बेसबॉलमध्ये विदेशी मॅनेजरची खुर्ची का डळमळते?

'संघ बरा खेळतोय, प्रेक्षक खूश आहेत, मग मॅनेजर जाणार अशा बातम्या का?' जपानी बेसबॉल पाहायला लागलेला माणूस हा प्रश्न विचारतोच.

आधी क्रिकेटच्या सवयीने होणारा गोंधळ दूर करू. बेसबॉलचा मॅनेजर, जपानीत 'कान्तोकु', आपल्याकडच्या कोचसारखा सामना सुरू झाला की बाजूला होत नाही. पिचर (गोलंदाज) कधी बदलायचा, फलंदाजाने बंट मारून, म्हणजे बॅट न फिरवता चेंडू हलकेच थोपवून, स्वतःची विकेट देत धावपटूला पुढे सरकवायचं की नाही, हे भर सामन्यात तोच ठरवतो. म्हणजे आपल्या कर्णधाराचं काम. पैसा आणि खेळाडूंचे करार मात्र क्लबच्या ऑफिसकडे, आणि ऑफिसच्या डोक्यावर मालक कंपनी.

म्हणून गुणतक्त्याआधी एक गोष्ट बघा: त्याला आणणारा माणूस अजून वर बसलाय का, आणि दोघांचं पटतंय का?

चिबा लोट्टे मरीन्स क्लबचा अमेरिकन मॅनेजर बॉबी व्हॅलेंटाइन 1995 मध्ये आला आणि पॅसिफिक लीगमध्ये, म्हणजे जपानच्या दोन लीगांपैकी एकीत, संघ दुसरा आला. दहा वर्षांत पहिल्यांदाच पहिल्या तिनात! पण जनरल मॅनेजर (क्लबच्या ऑफिसचे प्रमुख) हिरोओका तात्सुरो यांच्याशी सरावाच्या पद्धतीवरून जुळलं नाही आणि दोन वर्षांचा करार असूनही एका हंगामात त्याला नारळ मिळाला. 2004 मध्ये तो परत आला. 2005 ला 31 वर्षांनी लीगचं विजेतेपद, वर जपान सिरीजमध्ये, म्हणजे दोन लीगांच्या संघांमधल्या वर्षअखेरच्या अंतिम मालिकेत, हानशिन टायगर्सवर 4-0. एवढं करूनही डिसेंबर 2008 मध्ये क्लबने सांगून टाकलं की 2009 नंतर करार वाढणार नाही. महागडा पगार हे त्यातलं मोठं कारण. चाहत्यांनी एक लाखाहून जास्त सह्या गोळा केल्या, उपयोग शून्य. माझ्या मते एक वर्ष आधी हे जाहीर करणं ही शुद्ध चूक होती. जाणाऱ्याचं कोण ऐकतो? त्या हंगामात संघ पाचवा आला.

उलट निप्पॉन हॅम क्लबचा अमेरिकन मॅनेजर ट्रे हिलमन. सुरुवातीला अमेरिकन पद्धतीने बंट टाळणारा हा माणूस 2006 ला तो सर्रास वापरू लागला, जपान सिरीज जिंकला, 2007 ला पुन्हा लीग जिंकून अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी रॉयल्स संघाकडे निघून गेला. स्वतःच्या मर्जीने जाणारे थोडे. हिरोशिमा क्लबचा अमेरिकन मॅनेजर जो लुट्झ 1975 मध्ये एप्रिल संपायच्या आत एका पंच-वादावरून सोडून गेला, तेही मर्जीनेच म्हणा. त्याच वर्षी हिरोशिमा पहिल्यांदा लीग जिंकली.

बातमी खरी की अफवा, हे कॅलेंडरवरून बरंच कळतं. ऑक्टोबरअखेर ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड), नोव्हेंबरात शरद शिबिर, 1 फेब्रुवारीला वसंत शिबिर. नव्या माणसाला त्याआधी सहायक कोच गोळा करायचे असतात. या प्रकाराला तिथे 'सोकाकु', म्हणजे मंत्रिमंडळ बनवणं, म्हणतात. म्हणून कराराचं शेवटचं वर्ष असून सप्टेंबर संपेपर्यंत क्लब गप्प असेल, तर लक्षण वाईट. आणि हंगामाच्या मध्येच मॅनेजर 'क्यूयो'वर, म्हणजे विश्रांतीवर, गेल्याचं छापून आलं तर तब्येतीची चौकशी करू नका. ही बहुधा हकालपट्टीच असते.

व्हॅलेंटाइनच्या जागी त्याच्याच कोचिंग स्टाफमधला निशिमुरा नोरिफुमी आला. 2010 मध्ये लोट्टे लीगमध्ये तिसरी आली आणि तिथून, पहिल्या तिघांच्या प्लेऑफमधून पुढे जात, जपान सिरीज जिंकली.