बारा हजार पाचशे आणि एक चाल

बांगलादेशात, ढाक्याजवळच्या गाझीपूरच्या एका निट (टी-शर्टसारख्या विणीच्या) कापडाच्या कारखान्यात मी डाईंग, म्हणजे कापड रंगवण्याचा विभाग, सांभाळायचो. इचलकरंजीत टेक्स्टाइल शिकलेली बरीच मंडळी ढाक्याच्या आसपास नोकरीला आहेत. आम्हाला तिथे सगळे ‘दादा’ म्हणतात. ना धड कामगार, ना मालक, आणि परदेशी म्हणून रस्त्यावर काही पेटलं की घरात बसा असा निरोप पहिला आम्हालाच. शनिवार, 11 नोव्हेंबर 2023 ला मात्र मी घरी नव्हतो, रात्रपाळीवर आतच अडकलो होतो.

वाद मजुरीचा होता. किमान मजुरी 2018 पासून महिन्याला 8,000 टका. कामगारांची मागणी 23,000. मालकांनी 10,400 देऊ केले आणि ऑक्टोबरच्या शेवटी गाझीपूर-आशुलियात रस्ते पेटले. 7 नोव्हेंबरला सरकारने 12,500 जाहीर केले. आता निवळेल, असं आमचं ऑफिस धरून चाललं होतं. दुसऱ्याच दिवशी गाझीपूरच्याच कोनाबाडीत पोलीस आणि कामगारांच्या धुमश्चक्रीत शिवणकाम करणाऱ्या एका बाईचा जीव गेला. मग निवळतंय कसलं!

शनिवारी सकाळी फाटकावर नोटीस लागली. श्रम कायदा, कलम 13(1). म्हणजे संप बेकायदा, कारखाना बेमुदत बंद, आणि काम नाही तर पगारही नाही. त्या भागातल्या बऱ्याच कारखान्यांवर त्या दिवशी हाच कागद होता. सातच्या सुमाराला शिवणविभागाच्या बाया डबे घेऊन आल्या, नोटीस वाचली आणि घरी न जाता तिथेच थांबल्या.

शिवणाचा मजला बंद करणं सोपं असतं. डाईंगचं तसं नाही. पहाटे आम्ही 500 किलोचा लॉट मशीनमध्ये घातलेला, सुती सिंगल जर्सी, गडद नेव्ही. ब्लीच होऊन रंग आत गेला होता, मीठ गेलं होतं, 60 अंशांवर सोडा ॲश चढायला लागली होती. रिॲक्टिव्ह रंगात सोडा पडला की रंग धाग्याला धरू लागतो, तिथून मागे येता येत नाही. मशीन थांबलं तर कापड एकाच घडीवर पडून राहतं, पट्टे उमटतात, आणि मग तो लॉट काळा करून विकण्याखेरीज इलाज नसतो. जीएम, म्हणजे जनरल मॅनेजर साहेबांचा वरून फोन आला, सगळं बंद करून बाहेर पडा. मी म्हटलं, साहेब, तीन तास द्या. ते चिडले, पण नेव्हीचे 500 किलो म्हणजे किती पैसे हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

माझ्यासोबत आत राहिले ते चाचा, पन्नाशीचे ऑपरेटर. लॉट अर्धवट टाकून जाणं त्यांच्या हाताला जमणारं नव्हतं, संप असो नाहीतर आणखी काही. सोडा थेंबाथेंबाने जात असताना बघत बसण्याशिवाय काम नसतं. चाचांनी खिशातून मोबाइल काढला.

“दादा, हे ऐकलंत का? तुमच्याकडचं आहे.”

‘पिप्पा’ नावाचा हिंदी सिनेमा त्याच आठवड्यात आला होता. 1971 च्या युद्धावरचा, म्हणजे त्यांच्या देशाच्या जन्मावरचा. त्यात बंगाली कवी काझी नजरुल इस्लाम यांचं ‘कारार ओइ लौहकपाट’ हे गाणं होतं. शब्द नजरुलचे, चाल मात्र ए. आर. रहमान यांनी नवी बांधलेली. खरं सांगायचं तर कानाला मला ती वाईट लागली नाही. लोकगीताच्या अंगाची, झुलती, कोरस वगैरे. मी तसं म्हणालोही.

चाचा हसले नाहीत. “दादा, तुरुंगाची लोखंडी दारं फोडा, असं म्हणतंय ते गाणं. ह्या चालीवर कडी तरी निघेल का?”

मग ते बोलत सुटले. चाचा त्रिशालचे. मैमनसिंगच्या वाटेवरचं हे गाव. नजरुलचा जन्म 1899 चा, वर्धमान जिल्ह्यातल्या चुरुलियाचा, म्हणजे आजच्या भारतातला. वडील लहानपणीच गेले. पोरगा आसनसोलला रोटीच्या दुकानात कामाला लागला. तिथे एका फौजदाराच्या नजरेत त्याची हुशारी भरली आणि 1914 मध्ये त्याने त्याला आपल्या मुलखात, त्रिशालजवळच्या दरीरामपूरच्या शाळेत घातलं. आज त्रिशालला नजरुलच्या नावाचं विद्यापीठ आहे. चाचांच्या लेखी या सगळ्याचा अर्थ सरळ होता. पीठ मळणारं पोर आमच्या गावात शिकलं, म्हणून तो आमचा. चुरुलिया वगैरे नंतर.

गाण्याची हकिकत त्यांना अर्धीच माहीत होती, उरलेली मी पुढे वाचली. 1921 च्या अखेरीस देशबंधू चित्तरंजन दास तुरुंगात गेले. त्यांच्या साप्ताहिकासाठी नजरुलने हे लिहून दिलं. पुढे ते ज्या संग्रहात आलं, त्यावर 1924 मध्ये इंग्रजांनी बंदी घातली. 1970 मध्ये दिग्दर्शक झहीर रायहान यांनी ते सिनेमात वापरलं, आणि 1971 मध्ये स्वाधीन बांगला बेतार केंद्र या स्वातंत्र्ययुद्धातल्या रेडिओवरून ते वाजत राहिलं. म्हणजे ज्या युद्धाचा सिनेमा, त्याच युद्धात हे गाणं जुन्या चालीवर लोकांनी म्हटलेलं. त्या पिढीतली माणसं अजून जिवंत आहेत. तुम्ही त्यांना त्यांचंच गाणं दुसऱ्या सुरात परत करताय. चाचांचा राग मला तिथे कळला. माझे आजोबा यंत्रमागावर होते, शाहीर अमर शेखांचा आवाज ऐकल्याचं अभिमानाने सांगायचे. पण त्यांची एखादी चाल बदलली म्हणून आमच्या गल्लीत कुणी दोन दिवस धुसफुसलं असतं का? मला शंका आहे.

आणि नजरुल म्हणजे फक्त हे एक गाणं नव्हे. हजारोंनी गाणी लिहिली, बहुतेकांना चाली स्वतःच लावल्या. रमजान संपून ईदचा चंद्र दिसला की बांगलादेशात त्याचंच गाणं लागतं, त्याशिवाय ईद सुरू झाल्यासारखी वाटत नाही. आमच्या लॅबमधला चट्टग्रामचा हिंदू केमिस्ट कालीपूजेला जी श्यामासंगीतं म्हणायचा, त्यातलीही कितीतरी नजरुलचीच. बायको प्रमीला हिंदू, पहिल्या मुलाचं नाव ठेवलं कृष्ण मोहम्मद. अशा माणसाला ज्या देशाने राष्ट्रकवी मानलं, त्या देशाचं राष्ट्रगीत रवींद्रनाथांचं आणि रणगीत नजरुलचं, ‘चल् चल् चल्’. मला यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट वेगळीच वाटते. 1942 मध्ये आजाराने नजरुलची वाचा गेली. बांगलादेश सरकारने त्याला 24 मे 1972 रोजी, वाढदिवसाच्याच दिवशी, कोलकात्याहून ढाक्याला आणलं तेव्हा तो तीस वर्षं मुका होता. नव्या देशाचा कवी, आणि देशाबद्दल एक शब्द बोलू शकत नव्हता. 1976 मध्ये गेला. मशिदीशेजारी मला पुरा, असं त्याने एका गाण्यात म्हटलं होतं, म्हणून ढाका विद्यापीठाच्या मशिदीजवळ त्याला पुरलं. सरकारी राजपत्रात ‘राष्ट्रकवी’ म्हणून त्याचं नाव यायला मात्र 2024 चा डिसेंबर उजाडला. तोवर कागद नसल्याने कुणाचंच अडलं नव्हतं.

साडेनऊला सोडा संपला, आता रंग धरायला तासभर मशीन फिरवायचं होतं. तेवढ्यात बाहेरून आवाज आला. मला वाटलं, दगडफेक सुरू झाली. चाचांनी मान हलवली. बाया गात होत्या.

तेच गाणं. जुनी चाल. दरवाजे फोडा म्हणणारं गाणं, आणि समोर खरोखरीच लोखंडी फाटक, त्यावर नोटीस. एरवी मशीनच्या आवाजात ज्यांचं बोलणं ऐकू यायचं नाही, त्या शे-दीडशे बाया एका ठेक्यात म्हणत होत्या. कुणी पत्र्यावर हात मारून ताल धरला होता. सूर फार चांगले नव्हते, पण अंगावर काटा आला, हे कबूल करतो.

मी वर जीएमच्या केबिनमध्ये गेलो, लॉटला आणखी वेळ लागेल हे सांगायला. साहेब खिडकीशी उभे होते. खाली पोलिसांची गाडी, बाजूला सिक्युरिटीची रांग. साहेब मालकाच्या नात्यातले, ढाक्यात वाढलेले, मुलगी कॅनडात. 12,500 सुद्धा परवडत नाहीत असं आदल्या आठवड्यात मीटिंगमध्ये त्यांनीच आम्हाला टक्केवारी काढून दाखवलं होतं. मला वाटलं, आता पोलिसांना फोन करतील. ते म्हणाले,

“बघा, चाल यांना बरोबर येते. तुमच्या रहमान साहेबांनी काय करून ठेवलंय ते ऐकलंत?”

मी गप्प. खाली ज्यांचा पगार त्यांनी कापला होता, त्या बायांची बाजू ते माझ्याकडे मांडत होते. पुढच्या कडव्याला त्यांचे ओठ हलले. ते संपलं तसे टेबलाशी आले आणि नोटिशीचा दुसरा कागद इंग्रजीत टाइप करायला सांगितला, खरेदीदाराला पाठवायला. दोन्ही गोष्टी त्याच माणसाने दहा मिनिटांत केल्या. यात ढोंग होतं असं मला अजूनही वाटत नाही.

लॉट दुपारी उतरला. शेड, म्हणजे रंगाची छटा, पास झाली. चाचा हातपाय धुऊन मागच्या दाराने बाहेर गेले ते थेट फाटकावरच्या घोळक्यात.

कारखाना पुढच्या आठवड्यात उघडला. तोवर नजरुलच्या घरातल्यांनीही चालीवर आक्षेप घेतला होता आणि सिनेमावाल्यांनी दिलगिरीचं पत्रक काढलं होतं. ते मी चाचांना वाचून दाखवलं. किमान मजुरी मात्र 12,500 वरच राहिली होती, 1 डिसेंबरपासून लागू.

“माफी कुणी मागितली, रहमानने?”

“नाही चाचा, प्रोड्यूसरने.”

“तेच ते,” चाचा म्हणाले. “आमच्याकडेही मालक कधी स्वतः येत नाही, जीएमला पाठवतो. बरं, आजचा लॉट कुठला? परत नेव्ही का?”