सेन्सरलेस मोटर सुरू होताना का अडखळते?

परमनंट मॅग्नेट मोटर एन्कोडरशिवाय (रोटरचा कोन मोजणाऱ्या सेन्सरशिवाय) चालवताना घोडं अडतं ते बहुतेक वेळा सुरुवातीलाच. मग रोटरच्या कोनाचा अंदाज काढणारं गणित, म्हणजे ऑब्झर्व्हर, बदललं जातं: स्लाइडिंग मोड काढून फ्लक्स ऑब्झर्व्हर टाकला जातो, तरी मोटर थरथरतेच. माझं मत स्पष्ट आहे: आधी मोटरचे आकडे आणि इन्व्हर्टरचा (मोटरला व्होल्टेज देणाऱ्या सर्किटचा) डेड टाइम, म्हणजे एका फेजचे वरचा-खालचा दोन्ही स्विच बंद असतात तो क्षण, बघा.

7 पोल पेअरची (चुंबकाच्या सात उत्तर-दक्षिण जोड्यांची) मोटर घ्या. ड्रिल मशीनने 1000 आरपीएमवर फिरवली आणि ऑसिलोस्कोपवर दोन फेजमध्ये 10 व्होल्ट पीक दिसला, तर एका फेजचा पीक 5.77 व्होल्ट. त्याला 733 रेडियन प्रति सेकंद या इलेक्ट्रिकल वेगाने (रोटरचा वेग गुणिले पोल पेअर) भागा. फ्लक्स लिंकेज (चुंबकाचं वाइंडिंगशी जोडलेलं फ्लक्स) येतं 7.9 मिलिवेबर. आता हीच मोटर 50 आरपीएमवर आणा. बॅक-ईएमएफ (फिरण्यामुळे फेजमध्ये तयार होणारं व्होल्टेज) उरतो जेमतेम 0.29 व्होल्ट. 24 व्होल्ट सप्लाय, 20 किलोहर्ट्झ पीडब्ल्यूएम (स्विच झपाट्याने चालू-बंद करणं) आणि 1 मायक्रोसेकंद डेड टाइम असेल, तर एकट्या डेड टाइममुळे पडणारा फरक 0.48 व्होल्ट. ज्यावरून कोन काढायचा त्याच्यापेक्षा चूकच मोठी! करंटच्या दिशेनुसार तेवढं व्होल्टेज भरून काढा. पण करंट शून्याजवळ असताना दिशा सारखी बदलते, तिथे भरपाई एकदम न उलटवता हळूहळू बदला.

रेझिस्टन्सचंही तसंच. तांबं 25 वरून 100 अंशांवर गेलं की रेझिस्टन्स जवळपास 29 टक्के वाढतो. इन्व्हर्टरकडूनच मोजत असाल तर दोन वेगवेगळे डीसी करंट सोडा आणि व्होल्टेजमधला फरक करंटमधल्या फरकाने भागा. डेड टाइमची चूक वजा होऊन जाते.

बॅक-ईएमएफ पुरेसा होईतोवर मोटर ओपन लूपमध्ये, म्हणजे रोटरचा कोन न बघता, ठराविक करंट देऊन ओढायची. लोड हलका असेल तर रोटर करंट व्हेक्टरला (तिन्ही फेजच्या करंटची मिळून होणारी फिरती दिशा) जवळजवळ चिकटून फिरतो. अशा वेळी एकदम ऑब्झर्व्हरच्या कोनावर उडी मारली की झटका बसतो. वेग कायम ठेवून करंट हळूहळू उतरवा; रोटर आणि करंट व्हेक्टर यांतला कोन 60 अंशांच्या आसपास आला की ऑब्झर्व्हरच्या कोनावर या. 90 च्या पलीकडे गेलात तर रोटर सुटलाच. बदलताना स्पीड पीआयच्या (वेग सांभाळणाऱ्या कंट्रोलरच्या) इंटिग्रेटरमध्ये त्या क्षणाचा क्यू-अक्षाचा, म्हणजे टॉर्क देणारा, करंट भरायचा, शून्य नाही.

पंख्याची मोटर असेल तर आणखी एक काळजी: वाऱ्याने पातं उलटं फिरत असू शकतं. ब्रिज (इन्व्हर्टरचे सगळे स्विच) बंद ठेवून आधी फेज व्होल्टेज वाचा. उलटी असेल तर खालचे तिन्ही मॉस्फेट (स्विच) पीडब्ल्यूएमने चालू करून, करंटवर नजर ठेवत, तिला थांबवा आणि मगच सुरू करा.