'शिकणे' कर्मणी प्रयोगात बसेना

क्रियापदकोशाच्या कामात तो दिवस भूतकाळाच्या नोंदींचा होता. संगणकाला दिलेला नियम शाळेतलाच: सकर्मक क्रियापद भूतकाळात आलं की कर्त्याला 'ने' लावायचा आणि क्रियापद कर्माप्रमाणे चालवायचं, म्हणजे कर्मणी प्रयोग. 'मुलीने धडा वाचला' बरोबर आलं. पाठोपाठ 'मुलीने धडा शिकला' आलं आणि तपासनिसांनी ते खोडून लिहिलं, 'मुलगी धडा शिकली'. कर्ता तोच, कर्मही तेच, तरी प्रयोग कर्तरी, म्हणजे क्रियापद कर्त्याप्रमाणे चाललेलं.

मग अशी क्रियापदं शोधायला बसलो. विसरणे, नेसणे, जेवणे लगेच सापडली. चाचणीचं वाक्य मात्र जपून निवडावं लागतं. 'ती साडी नेसली' निरुपयोगी, कारण कर्ता आणि कर्म दोन्ही स्त्रीलिंगी. क्रियापद कोणामागे गेलं ते कळत नाही. 'ती शालू नेसली' म्हटलं की कळतं. कर्ता तृतीयपुरुषीच हवा, कारण 'मी', 'तू' यांना 'ने' लागतच नाही.

या क्रियापदांच्या अर्थात एक धागा आहे. वाचल्याने वाचणारा बदलेलच असं नाही. शिकणारा मात्र बदलतो, नेसलेलं वस्त्र नेसणाऱ्याच्याच अंगावर राहतं. क्रियेचं फळ कर्त्याकडेच येतं, म्हणून ही क्रियापदं झोपणे, बसणे अशा कर्म नसलेल्या क्रियापदांच्या जवळ जातात. प्रयोजकातही, म्हणजे दुसऱ्याकडून क्रिया करवण्याच्या रूपातही, हे दिसतं: 'मुलीला धडा शिकवला', 'मुलीला शालू नेसवला', पण 'मुलीकडून धडा वाचून घेतला'. जिच्यापर्यंत फळ पोचतं, तिला 'ला'.

'खाणे' इथे अडवतं. 'मुलीला घास भरवला' यात 'ला' आहे, तरी 'मुलीने घास खाल्ला' यात 'ने' सुटत नाही. 'पिणे' दोन्हीकडे चालतं: 'ती दूध प्याली', 'तिने दूध प्यायलं'. 'बोलणे' तर उलट्या बाजूने अडवतं: 'ती खोटं बोलली' कर्तरीच, पण यात कर्त्याकडे काय येतं? म्हणजे अर्थ रचनेचा कल ठरवतो. प्रत्यय लावण्याचा शेवटचा निर्णय प्रत्येक वेळी त्याच्या हातात नसतो, असं माझं मत पक्कं झालं.

भाषाशास्त्रज्ञ बेथ लेव्हिन यांनी १९९३ मध्ये इंग्रजीच्या ३००० हून अधिक क्रियापदांचे गट पाडले ते असेच, वाक्यरचनेतल्या वागणुकीवरून अर्थाकडे जात. मराठीत त्या तपासणीला 'ने' आणि लिंगवचनाचा मेळ अशी दोन चोख साधनं आहेत.

संध्याकाळी 'म्हणणे'च्या दोन नोंदी कराव्या लागल्या. नुसतं सांगताना 'ती म्हणाली'; अभंग असेल तर 'तिने अभंग म्हटला'.