उलट चढणारी वेल

मुद्राचित्रातल्या, म्हणजे ठशावरून कागदावर छापलेल्या चित्रातल्या, फुलाला अर्थ कुठून येतो, या प्रश्नाचे प्रचलित उत्तर मला पुरेसे वाटत नाही. गुलाब म्हणजे प्रेम, कमळ म्हणजे पावित्र्य, हे संकेत सर्वांच्या मालकीचे आहेत. त्यांत चित्रकाराचे स्वतःचे फारसे काही उरत नाही. माझे प्रतीक मला छपाईच्या प्रक्रियेतच सापडले.

मॉर्निंग ग्लोरीची वेल आधाराभोवती ठरावीक दिशेनेच वळते. समोरून पाहिल्यास तिचे वेढे डावीकडून उजवीकडे वर चढताना दिसतात. ती दिसते तशीच लिनोलियमवर, म्हणजे ठसा कोरायच्या मऊ पत्र्यावर, कोरली, की कागदावर उलटी उमटते आणि निसर्गात जी अशी वळत नाही ती वेल आपल्यासमोर येते. वनस्पतींचे यथातथ्य चित्रण करणाऱ्यांना हा उलटेपणा अडचणीचा वाटणे स्वाभाविक आहे. निसर्गचित्रकार मारिया सिबिला मेरियन यांनी दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममधील कीटक आणि वनस्पतींवरचा ग्रंथ १७०५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध केला, तेव्हा त्याच्या काही प्रतींसाठी ओल्या छापावर दुसरा कागद दाबून चित्र उतरवून घेतले होते. अशा छापात रेषा मऊ पडतात आणि प्लेटवर, म्हणजे कोरलेल्या धातूच्या पत्र्यावर, जी दिशा असते तीच कागदावर येते.

मी मात्र वेल मुद्दाम उलटीच राहू देते. माझी थोरली बहीण डावखुरी आहे. लहानपणी तिला उजव्या हाताने लिहायला भाग पाडले गेले, आणि ते अक्षर तिला कधीच आपले वाटले नाही. उलट वळूनही ताठ चढणारी, भरभरून फुललेली ही वेल माझ्यासाठी ती बहीण आहे.

प्रतीक उघड करावे की नाही, हा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. जर्मन चित्रकार केथे कोलवित्झ यांचा धाकटा मुलगा १९१४ मध्ये युद्धात मारला गेला. त्यांच्या अखेरच्या, १९४२ च्या सुमाराच्या शिलामुद्रणात (दगडावरून छापलेल्या चित्रात) एक आई मुलांना हातांखाली झाकून घेते. चित्रात बी कुठेही नाही, पण पेरणीचे बियाणे दळू नये, असे शीर्षकच सांगते. युद्धाविरुद्धचे ते म्हणणे सर्वांपर्यंत पोचणे आवश्यक होते. माझी गोष्ट घरातली आहे, म्हणून छापाखाली मी पेन्सिलीने वेलीचे नाव आणि प्रतीचा क्रमांक एवढेच लिहिते. दिशा खटकून कोणी विचारलेच, तर बहिणीविषयी सांगते.